बिडाचा प्रेस आणि एकेचाळीस भाकरी

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आई भवानी, निदान या वहीत तरी माझ्याकडून खोटं लिहवू नकोस.

ही डायरी मुलाच्या, शिवराजच्या ऑफिसातून फुकट आलेली. मागच्या बाजूनं मी हिशेब लिहिते, पुढची पानं कोरी वाया चालली होती. आज ती उघडली, कारण जे मनात आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

दिवाळी झाल्यापासून या घरात माझ्या हातची भाकरी झालेली नाही. श्रावणात गच्चीवर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. नवरात्राच्या तोंडावर प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं. जुळलं असेल, पण जोर काही परत आला नाही. थापायला बसले की पाचव्या-सहाव्या थापेला कळ कोपरापर्यंत जाते आणि भाकरीला काठाशी चिरा पडतात. प्लास्टर होतं तोवर सगळं उघड होतं, सून ऋचा पोळ्या लाटायची. ते निघालं तशी मीच तोरा दाखवला, की आता माझं मी बघते, तू तुझं ऑफिस कर.

आणि मग काय, आम्ही राहतो त्या अंबरपेठच्या नाक्यावर गंगू बसते. नारायणखेडची बाई, रस्त्याकडेला चूल मांडून जोन्न रोट्टे करते. जोन्न रोट्टे म्हणजे इथल्या तेलुगूत आपली ज्वारीची भाकरीच. रोज संध्याकाळी मी देवळात जाते, येताना तिच्याकडून पाच घेते आणि देवळाच्या पिशवीतून घरी आणते. तवा तापवून त्यावर चिमूटभर पीठ टाकते, घरभर वास सुटावा म्हणून. मग दुरडीत फडक्याखाली झाकून ठेवते.

काल हे जेवताना म्हणाले, "आजकाल तुझी भाकर लई गोल व्हायला लागली."

मी म्हटलं, "सवयीनं होते."

मंगळवारी देवीला भाकरीचा नैवेद्य असतो. विकतची कशी दाखवू? महिनाभर दूध-साखरेवर भागवलं. तिला काय कळत नसेल?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, उपास केला.

दुपारी उषावन्संचा फोन. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. त्यांच्या यजमानांनी घटकेसरच्या पुढं प्लॉट घेतलाय. आमची उदगीरकडची शेती गेली, पण वेळ अमावस्येला रानात जाऊन जेवायचं आम्ही सोडलं नाही. प्लॉटवर हरभऱ्याच्या चार ओळी आहेत, कडब्याच्या पेंढ्या विकत आणून खोप उभी करतो, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतो. पालेभाज्या-हरभऱ्याची भज्जी आणि ताकातली आंबील वन्सं करतात, तिळाच्या पोळ्याही त्यांच्याच. भाकरी माझ्या. एकतीस वर्षं माझ्याच. चाळीस खायला आणि एक पांडवांपुढं.

"वहिनी, यंदा एकोणीस तारखेला शुक्रवारी आलीय. हाताचं कसंय तुमच्या? नसल जमत तर सांगा, ऑर्डर देऊन टाकू. चाळीस रोट्टे काय, फोन केला की येतात."

"विकतच्या भाकरी पांडवांपुढं ठेवायच्या?" मी म्हटलं.

"नाही तसं नव्हं, पण तुमचा हात…"

"हात बरा आहे माझा."

फोन ठेवला. पाठीमागं ऋचा पाण्याची बाटली भरत उभी होती. तिनं ऐकलं असेल, पण तिचं आपलं कानात ती बोंडं घालून मीटिंगमध्येच लक्ष असतं.

रोज विकतच्या भाकरीवर दिवस काढणारी मी, आणि वन्संना हे बोलले. उपासाच्या दिवशी.

३० नोव्हेंबर, रविवार

ऋचाच्या डोक्यात नवीनच खूळ. तिला टॉर्टिया करायच्या आहेत. मेक्सिको म्हणून देश आहे, तिथली ही मक्याची भाकरी, तळहातापेक्षा थोडी मोठी. त्यात राजमा आणि कांदा-टोमॅटो घालून दुमडून खायची. तिथल्या बायका ती थापत नाहीत, दोन तबकड्यांच्या मध्ये गोळा ठेवून वरून दांडा दाबतात. त्याला टॉर्टिया प्रेस म्हणतात.

मी म्हटलं, "मागच्या वर्षी ते वाफेचं भांडं आणलंस, ते माळ्यावर आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय, आई. मी घेतलं की चुकतं. तुम्ही निवडा. पैसे माझे, नजर तुमची."

पुण्याची पोर, कॉम्प्युटरवर मोठमोठ्या कंपन्यांची कामं करते, पण भांडं पारखता येत नाही हे तिला स्वतःलाच कळलंय. बरं वाटलं मला. हो म्हटलं.

मग म्हणे, "फक्त एकच, टॉर्टियाचं पीठ ज्वारीसारखंच असतं. चिकटून राहत नाही. म्हणून घेताना ज्वारीच्या पिठावर चालतो का ते बघा."

तेवढं तर मलाही कळतं.

२ डिसेंबर, मंगळवार

दूध-साखर.

गंगूनं आज एक जास्तीची दिली. म्हणाली, "अम्मा, तुम्ही रोजच्या गिऱ्हाईक." नको म्हटलं तरी पिशवीत कोंबली. देवळाच्या पिशवीत.

६ डिसेंबर, शनिवार

मनगट दुखतंय, पण आजचं लिहायलाच हवं.

बसनं सुलतान बाजारला गेलो, मी आणि ऋचा. ती रिक्षा बोलावत होती, मी नको म्हटलं. निघताना आधणाच्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळून सहा गोळे स्टीलच्या डब्यात घेतले. आणि दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या, धुऊन, उभ्या कापून. गोळा प्लास्टिकमध्ये ठेवून दाबला की तबकडीला चिकटत नाही, हे ऋचानं मोबाईलवर दाखवलं होतं. त्यासाठी बाजारात वेगळे कागद मिळतात म्हणे, शंभराला पाकीट. दुधाच्या पिशव्या आपण रोज फेकतोच की.

किशोरशेठचं भांड्यांचं दुकान जुनं, लग्नात आलेली माझी पातेलीसुद्धा त्याच्या वडिलांकडची. मी डबा उघडून गल्ल्यावर ठेवला तसा तो म्हणाला, "क्या अम्मा, हमारी दुकान में नाश्ता लगाते क्या?"

"खायला नाही आणलं शेठ. तुमचा माल तपासायला आणलंय."

"आज तक कोई आटा लेको नहीं आया."

"मग आजपर्यंत सगळे न बघताच घेऊन गेले."

त्यानं आधी ॲल्युमिनियमचा पुरी प्रेस काढला. साडेतीनशे. हलका, पण दाबताना दांडा वाकतो आणि गोळा पुरीएवढाच पसरतो. मग लाकडी, दिसायला देखणा, देव्हाऱ्याशेजारी ठेवावा असा. दाबल्यावर भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पापडासारखी. मी म्हटलं, याची वरची फळी बसत नाही. शेठ म्हणाला, अम्मा, लकडा है, मौसम से थोडा होता. मौसमाप्रमाणं भाकरी बदलायची तर मग नकोच. तिसरा विजेचा, अडीच हजारांचा, दाबायचं आणि भाजायचं एकातच. त्यानं भाकरी करून दाखवली. वाकवली तशी कटकन मोडली.

शेवटी त्यानं मागून बिडाचा काढला. आठ इंची, काळा, जवळजवळ चार किलो. ओढून घ्यायलाच दोन्ही हात लागले. पण एकदा ओट्यावर बसला की हलत नाही, आणि दांडा लांब. मी गोळा ठेवला, दांडा खाली आणला. जोर लावावाच लागला नाही, दांड्याच्या वजनानंच काम झालं. वरची पिशवी सोलून काढली तर खाली सारखी, गोल भाकरी. काठाला चीर नाही.

मी तिथंच तिच्याकडे बघत उभी राहिले.

ऋचा म्हणाली, "आता डाव्या हातानं दाबून बघा."

"डाव्या का?"

"मी डावखुरी आहे ना, आई."

चार वर्षं झाली लग्नाला, मला माहीतच नव्हतं. जेवते उजव्या हातानं. पण पुण्याच्या शाळांत लहानपणी मारून-मारून सवय मोडत असतील. डाव्या हातानं दाबला. अगदी तशीच झाली.

शेठ चौदाशे पन्नास म्हणाला, मी बाराशेवर आणला. ऋचा मध्येच "ठीक आहे ना आई" म्हणायला लागली होती, तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

७ डिसेंबर, रविवार

माझ्या हातून मोठी चूक झाली.

नवीन भांडं देवाच्या स्वयंपाकाला लावायच्या आधी चिंच-मिठानं घासायचं, ही माझ्या सासूबाईंची रीत. तांब्या-पितळेला मी आयुष्यभर तेच करत आले. ऋचाच्या टॉर्टियांना देव कशाला मध्ये येतोय, पण घरात आलेली वस्तू स्वच्छ असावी म्हणून काल संध्याकाळी प्रेस चांगला खसाखसा घासला, धुतला आणि उपडा घालून ठेवला. सकाळी बघते तर दोन्ही तबकड्या गेरू फासल्यासारख्या लाल.

बिडाचा तवा चिंचेनं घासायचा नसतो, हे मला दहा वर्षांची असताना माहीत होतं. पण हा प्रेस, विलायती वस्तू, म्हणून अक्कल बाजूला ठेवली.

ऋचा उठायच्या आत निस्तरायला गेले तर ती दारातच. मी म्हटलं, "तुझी वस्तू मी घालवली." डोळ्यांत पाणी आलं. बाराशे रुपयांसाठी नाही. का ते नीट सांगता येत नाही.

ती म्हणाली, "गेली कुठं? तव्याला गंज चढला तर तुम्ही काय करता?"

"विटकरीच्या चुऱ्यानं घासते, तेल लावते, शेगडीवर तापवते. दोन-तीन वेळा."

"मग हा एक तवाच आहे की, आई. दोन तवे, बिजागरीनं जोडलेले."

तबकड्या खोलून दिवसभर तेच केलं. घरात धूर. हे खोकत गच्चीवर पेपर घेऊन बसले. तिसऱ्या वेळी जवसाचं तेल लावलं तेव्हा काळी झळाळी आली, दुकानात होती त्याहून चांगली.

१० डिसेंबर, बुधवार

ऋचाला मक्याचं पीठ आणायला वेळ मिळत नाही. म्हणे, "तोवर तुम्ही ज्वारीवर हात बसवा, आई, मग मला शिकवा." आता हिच्यासाठी मलाच आधी शिकावं लागणार.

तीन दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवते. गव्हाच्या कणकेला हा चालत नाही. दाबली की पसरते, दांडा उचलला की परत आखडते, हट्टी पोरासारखी. ज्वारीला पाणी उकळतं हवं, कोमट चालत नाही. मळून पाव तास झाकून ठेवायचं. गोळा मधोमध न ठेवता बिजागरीकडं जरा सरकवून ठेवायचा. एकदा दाबून अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा हलकं दाबायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा तो नेहमीसारखाच, पण निम्मं पाणी.

पहिल्या दिवशी आठांतल्या दोन फुगल्या. आज आठांतल्या सहा. गंगूकडं तीन दिवस गेले नाही.

मळायलाही ऋचाच मदत करते. म्हणते, टॉर्टियाला मनगटात ताकद हवी, तिला सराव करायचाय.

१४ डिसेंबर, रविवार

आज टॉर्टिया झाल्या एकदाच्या. ऋचानं राजमा केला, मी हिरव्या मिरचीचा ठेचा. प्रेस मी चालवला, तिला दोनदा जमलं नाही. डाव्या हातानं करायचं सोडून उजव्यानंच करत होती. मी म्हटलं, तुझा हात वापर. तेव्हा हसून बदलला.

हे म्हणाले, "ही तर मकेची भाकर. याला एवढं इंग्रजी नाव कशाला?"

"इंग्रजी नाही बाबा, स्पॅनिश," शिवराज म्हणाला.

"ते काय बी असो, आणखी दोन दे."

१६ डिसेंबर, मंगळवार

पहाटे अंघोळ करून प्रेसवर पहिली भाकरी केली. फुगली. देवीपुढं ठेवायला हात धजेना. मनात आलं, तुला हातावरची लागते, आणि ही लोखंडानं दाबलेली. मग असंही आलं, की पीठ मी चाळलं, आधण मी ठेवलं, दांडा मी दाबला, भाजली मी. विकतची नाही.

ठेवली. समई शांत जळत होती. इतक्या दिवसांनी देवीकडं सरळ बघता आलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा गुरुवार, उद्यापन. पाच सवाष्णींना हळदीकुंकू.

उद्याचं दळण आणलं. ऋचानं सुट्टी टाकलीय. म्हणे, "एकेचाळीस भाकऱ्या भाजायला दुसरा तवा कोण सांभाळणार?"

भाकरी होतील, ती काळजी राहिली नाही. काळजी वेगळीच आहे. हातावरच्या भाकरीवर बोटांचे ठसे उमटतात, या गुळगुळीत असतात. वन्संच्या नजरेतून सुटायचं नाही. विचारलं तर काय सांगू? गप्प बसले तर अजून एक खोटं, आणि तेही पांडवांपुढं. खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी म्हणतील, मशीनच्याच खायच्या तर ऑर्डर काय वाईट होती? एकतीस वर्षांचं माझं काम एका वाक्यात जाईल.

१९ डिसेंबर, शुक्रवार, वेळ अमावस्या

पहाटे चारला उठलो दोघी. मी दाबत गेले, ती भाजत गेली. मध्ये मनगट भरून आलं तसा दांडा डाव्या हातात घेतला. साडेसातला एकेचाळीस झाल्या. धोतराच्या जुन्या फडक्यात बांधल्या.

प्लॉटवर खोप छान झाली होती. हरभऱ्याला घाटे धरलेत. वन्संच्या यजमानांनी ओलगे-ओलगे असा पुकारा करत चारी बाजूंना आंबील शिंपडली. मी वरची भाकरी काढून पांडवांपुढं ठेवली, वर भज्जीचा घास.

तेवढ्यात वन्सं वाकल्या. भाकरी उचलली नाही, नुसतं बघितलं.

"वहिनी, बोटं कुठंयत हिच्यावर?"

सगळे पानावर बसायला लागले होते. सत्तावीस माणसं. ऋचा पुढं झाली, "अहो आत्या, ते मी…"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "वन्सं, बोटं नाहीत. प्रेसवर केल्यात. माझ्या मनगटाला थापणं होत नाही. आणि दिवाळीपासून दीड महिना मी नाक्यावरच्या गंगूच्या भाकरी आणून यांना माझ्या म्हणून वाढल्या. तुम्हाला फोनवर जे बोलले ते खोटं बोलले. आता तुम्हाला ही चालत नसेल तर उचला."

हे आंबिलीचा पेला हातात धरून तसेच उभे. मला वाटलं, हे आता चिडतात. पण हे जमिनीकडं बघत म्हणाले, "गोलाई बघून मला शंका आली होती."

वन्सं खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "वहिनी, तिळाच्या पोळ्या मी तीन वर्षं झाली दिलसुखनगरहून आणते. घरचा डबा असतो, आतला माल विकतचा."

त्यांचे यजमान म्हणाले, "काय?"

"काय काय? तुम्हाला कधी कळलं का? दोन-दोन खाऊन वर म्हणता, उषा, तुझ्या हाताला चव आहे."

पहिल्यांदा ऋचा हसली, मग सगळं रान. त्यांचे यजमान तेवढे पोळीचा डबा उघडून हुंगत होते, जणू आता कळणार होतं.

जेवताना वन्संनी भाकरीचा पापुद्रा सोलून बघितला, भज्जीत बुडवून खाल्ली, मग दुसरी मागितली. म्हणाल्या, "ही तर मऊ आहे. सांजच्याला बी मोडायची नाही. केवढ्याला पडला?"

"बाराशे. चौदाशे पन्नास सांगत होता."

"पुढच्या वर्षी साठ करा. माझे शेजारी यायचे म्हणतायत." मग इकडंतिकडं बघून हळूच, "आणि मला तिळाच्या पोळ्या लाटायला यायला पाहिजे कुणीतरी. गुडघे गेले माझे."

ऋचा म्हणाली, "मी येते."

चार भाकरी उरल्या. माझा हात ठणकतोय, पण चांगला ठणकतोय.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी उरलेल्यांतल्या दोन भाकरी आणि भज्जी घेऊन गंगूकडं गेले. वेळ अमावस्येचा प्रसाद म्हणून. आणि सांगायलाही, की बाई, आता माझं मी करते, राग मानू नको.

तिनं तुकडा मोडून बराच वेळ चावला. "चांगली आहे अम्मा," म्हणाली. "दाबलेली आहे, पण चांगली आहे."

मग म्हणाली, "राग कशाचा? तुमच्या सुनेनं सांगितलंच होतं."

"कधी?"

"तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत आली होती. चष्मावाली, पॅन्टवाली. आई रोज किती घेतात म्हणून विचारलं. मग म्हणाली, अम्मा, काही दिवस द्या, चांगल्या निवडून द्या, आणि मी आले होते ते सांगू नका." गंगूनं चुलीत लाकूड सरकवलं. "आता तुम्ही घेणार नाही, म्हणून सांगितलं."

तुळशीच्या लग्नाला टॉर्टियाचं नावसुद्धा घरात निघालं नव्हतं.

घरी आले तर ऋचा खोलीत मीटिंगमध्ये होती. दारातून बघितलं. कागदावर काहीतरी लिहीत होती, उजव्या हातानं, भराभर. मी काही बोलले नाही. बोलणारही नाही.

येताना किराण्यातून मक्याचं पीठ एक किलो आणलं, बावन्न रुपये. उद्या रविवार आहे. राजमा आत्ताच भिजत घातला.